काल बाकी

विक्रोळीच्या त्या चाळीत नऊ नंबरला पिठाची गिरणी होती. ती चालवणारी मावशी पहिल्याच भेटीत मला म्हणाली, "भिंतीला हात लावलात ना, तर तुझी तंगडी मोडून ह्याच्यात दळीन. बारीक पाहिजे की जाड, ते आत्ताच सांग."

मी नुसती नोटीस द्यायला गेलो होतो. मी म्हटलं, "जाडच ठेवा मावशी, भाकरी चांगली होते." तिनं हातातला पाना माझ्या नाकासमोर धरला, आणि मी दोन पायऱ्या मागच्या मागे उतरलो.

तिचं म्हणणं सरळ होतं. घरातलं सामान भांडुपला नव्या जागेत गेलेलं. पण गिरणी जमिनीत काँक्रीट ओतून बसवलेली, चार जाड बोल्टांवर. ती खोलायला ओळखीचा मिस्त्री मंगळवारी सकाळी येणार होता. मंगळवारी गिरणी निघाली की खोली तुमची, नाचा तिच्यावर. त्याआधी कोणी आलं तर बघून घेईन. नवरा गेल्यापासून गिरणी तीच चालवायची. दोन पोरी त्या दगडांवर शिकल्या, एकीचं लग्न झालं. मशीन गेलं तर भांडुपला जाऊन तिनं काय करायचं, हे मला त्या दिवशी तिनं तीन वेळा विचारलं. मी तीन वेळा मान हलवली आणि ऑफिसात येऊन तिची नक्कल केली. "बारीक की जाड?" शेठ चहा सांडेपर्यंत हसले.

मी घाटकोपरला एका पाडकाम कंत्राटदाराकडे कामाला होतो. जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहतात ना, त्यातलं पाडायचं काम आमचं, उभं करायचं दुसऱ्यांचं. लोक एक एक करून खोल्या खाली करतात. रिकामी खोली तशीच ठेवली तर कोणीतरी घुसून बसतं, म्हणून ती खाली झाली रे झाली की आमचे गडी जाऊन दारं, खिडक्या उपटायचे आणि घणानं भिंती फोडायचे. मुकादम जालन्याकडचा, छाती पिंपासारखी. त्याचं एकच शास्त्र. लिस्टमध्ये नंबर आला की खोली मेली. मग आत देव असो नाहीतर दूध उकळत असो.

ही लिस्ट म्हणजे माझं काम. बिल्डरच्या वेबसाइटवर एक पान होतं, तिथं त्यांचा साइट ऑपरेटर रोज सकाळी एक फाइल टाकायचा. आज कुठल्या खोल्या फोडायच्या, ते त्यात. मी नऊ वाजता ते पान उघडायचं, फाइल उतरवायची, मुकादमाच्या फोनवर पाठवायची. पाच मिनिटांचं काम, पण त्यासाठी नऊला ऑफिसात बूड टेकवायला लागायचं. मी मालाडहून यायचो. झोप आणि नोकरी दोन्ही एकाच डोळ्यात मावत नव्हत्या.

म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. व्हिडिओ बघून बघून शिकलो. करमाळ्याच्या शाळेत आम्हाला कॉम्प्युटरला हात लावायचा तर पायातल्या चपला बाहेर आणि हात धुऊन यायला लागायचं, इतका तो पवित्र. आणि इथं मी त्याला घरबसल्या राबवायचं म्हणत होतो. त्यानं रोज साडेआठला स्वतःच ते पान उघडायचं, फाइल उचलायची, मुकादमाला पाठवायची. मी तोंडावर चादर घेऊन पडलेला.

पण तो ऑपरेटर! कानपूरकडचा माणूस, फाइलला नाव असं द्यायचा जसं रागानं पोराला हाक मारतोय. पहिल्या दिवशी नावात तारीख होती. मी प्रोग्रामला शिकवलं, आजची तारीख लावून नाव बनव आणि ती फाइल आण. दुसऱ्या दिवशी त्यानं महिना आधी आणि तारीख मागे टाकली. प्रोग्राम हात हलवत परत आला. तिसऱ्या दिवशी नुसतं "लिस्ट न्यू". चौथ्या दिवशी "लिस्ट न्यू वाली फायनल दो". मी त्याला फोन केला. "अरे भावा, रोज एकच नाव दे ना." तो म्हणाला, "एक ही नाम दूँगा तो पुराना वाला उड़ जाएगा ना भाई. दिमाग लगाओ." दिमाग लावला. नाव बघूच नको, पानावर जी फाइल सगळ्यात शेवटी चढलीय ती घे, असं प्रोग्रामला सांगितलं. झकास चाललं. महिनाभर मी साडेदहाला ऑफिसात यायचो आणि शेठना वाटायचं मी साइटवरून येतोय.

मग एका सकाळी पानावर दोन फाइली दिसल्या. एकीचं नाव "आज". दुसरीचं नाव इंग्रजी अक्षरांत के, ए, एल आणि पुढे "बाकी".

काल बाकी. मी वाचलं आणि मला लगेच कळलं. काल ज्या खोल्या फोडायच्या राहिल्या, त्या. म्हटलं ऑपरेटर सुधारला, हिशेबात काम करायला लागला. कालचं राहिलेलं आहे तर ते आधी संपवलं पाहिजे, नाही का? घरी आई पण हेच म्हणायची, आधी कालची भाजी संपव. तर मी प्रोग्रामला नवीन नियम घातला. नावात के, ए, एल दिसलं तर ती फाइल आधी पाठव, वर लिही "हे आधी करा". मग दुसरी.

त्या दिवशी त्या फाइलमधल्या चार खोल्या फुटल्या. चारही रिकाम्या होत्या. कोणी ओरडलं नाही. मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली.

पुढच्या सोमवारी मी दहा वाजता घाटकोपरला ऑफिसात पोचलो, वडापाव अजून तोंडात. टेबलावरचा फोन वाजला. नोटिशीवर आमच्या ऑफिसचा नंबर छापलेला असायचा.

"ए! तुमची माणसं माझ्या मागच्या भिंतीला घण मारतायत!"

मागून आवाज येत होता. धाड. धाड. मध्ये विटा ढासळल्याचा आवाज.

"कोण बोलतंय?"

"तुझी मावशी बोलतेय मेल्या! नऊ नंबर! मी आत आहे, आत! बोल्टांना रॉकेल सोडत बसलेय उद्याच्यासाठी, आणि हे मागनं..." मग पत्रा पडल्यासारखं काहीतरी झालं आणि फोन बंद.

मी मोबाइलवर मुकादमाला गेलेली फाइल उघडली. वर माझे शब्द. "हे आधी करा." खाली नंबर नऊ. आणि नंबरच्या पुढे ऑपरेटरनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, चक्की निकलने के बाद.

चक्की निघाल्यानंतर. चक्की मंगळवारी निघणार. मंगळवार उद्या. हे कालचं नव्हतंच. हे त्याचं कल होतं. कल, जे बाकी आहे ते. आपल्याकडे काल म्हणजे गेलेला दिवस, त्याच्याकडे कल म्हणजे येणारा पण. मागच्या वेळच्या त्या चार खोल्या पण दुसऱ्या दिवशीच्याच होत्या. लोक आदल्या दिवशीच निघून गेले होते, म्हणून वाचलो.

मी मुकादमाला फोन लावला. मागे घण चालूच.

"मुकादम, थांबवा! नऊ नंबर थांबवा, लिस्ट चुकलीय!"

"काय रे कॉम्प्युटर, आज कोणाचा आवाज?"

"माझाच आहे! खरंच चुकलीय!"

"हां. आता शेठचा काढ."

आदल्या आठवड्यात मी शेठच्या आवाजात त्याला फोन करून सांगितलं होतं की काम बंद करा, मंत्री येतायत. सगळे गडी झाडू घेऊन दीड तास उन्हात उभे होते. सगळ्या ऑफिसनं मजा बघितली. आता शेठ बोरिवलीला दातवाल्याकडे तोंड उघडून बसलेले आणि त्यांचा फोन बंद. मी काय करणार? घाबरून मी खरंच शेठचा आवाज काढला. "ए मुकादम, बंद कर म्हणतो ना!" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "भारी रे. एकदम भारी." आणि फोन ठेवला.

रिक्षावाल्याला म्हटलं विक्रोळी, जमेल तितकी जोरात. त्यानं आरशात माझ्याकडे बघितलं. "कोई मर गया क्या?" मी म्हटलं, "अभी तक नहीं."

चाळीत शिरलो तेव्हा धूळ इतकी की माणसं कमरेपासून वरच दिसत होती. नऊ नंबरची मागची भिंत अर्धी गेलेली. भगदाडातून आतली गिरणी दिसत होती, तिच्यावर पोतं टाकलेलं, आणि गिरणीच्या पुढे मावशी. केसांत पीठ, विटांचा चुरा, हातात लोखंडी सळई. एक गडी पाय आत टाकत होता. तिनं सळई त्याच्या नडगीवर घातली. हाडावर लोखंड बसतं तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि मी आवाजांच्या बाबतीत बऱ्यापैकी शिकलेला माणूस आहे. गडी खाली बसला आणि आईला हाक मारायला लागला.

"अजून कोण येतंय? या!" मावशी म्हणाली.

तोवर चाळीतले राहिलेले लोक आले. सात-आठ पुरुष, तीन-चार बायका, एक म्हातारा काठी घेऊन. कोणीतरी पहिली वीट मारली. ती मुकादमाच्या कानशिलावर बसली. तो हलला नाही, फक्त डोक्याला हात लावला, हात बघितला, आणि मग ज्यानं वीट मारली असं त्याला वाटलं त्याला धरून सरळ नळाच्या कठड्यावर आपटलं. त्यानं मारली नव्हती. पण मग कोणी कोणाला मारलं ह्याचा हिशोबच राहिला नाही. पहारी, काठ्या, एका बाईच्या हातात कपडे बडवायचं धोपाटणं. ती ते असं चालवत होती की मला तिच्या घरच्या कपड्यांची दया आली.

मी मध्ये शिरलो. "थांबा! थांबा! चूक झालीय! माझी चूक आहे!"

एक दाढीवाला थांबला. "तू कोण?"

इथं शहाणा माणूस काहीही बोलला असता. पत्रकार म्हणाला असता. मी म्हणालो, "लिस्ट मी पाठवली."

पहिली थप्पड डावीकडून आली. दुसरी येताना मी बघितली पण मान तोवर वळलेलीच होती. मग पोटात गुडघा. मी खाली गेलो आणि कोणीतरी माझ्या पाठीवर उभं राहिलं, अगदी आरामात, बसची वाट बघितल्यासारखं. ओठ फुटला. तोंडात रक्त आणि सिमेंटची चव एकदम आली. मधेच मला मुकादमाचा आवाज ऐकू आला, "त्याला सोडा, त्याला मी मारणार आहे!"

मारता मारता दोघंजण गिरणीच्या बाजूच्या खांबावर जाऊन आदळले. वर पोटमाळा होता. मागच्या भिंतीचा आधार गेलेला. आधी एक बारीक कर्रर्र झालं. मावशीनं वर बघितलं. म्हाताऱ्यानं तिचा दंड धरून तिला खेचलं, काठी टाकून, दोन्ही हातांनी. आणि माळा, त्याच्यावरच्या विटा, फळ्या, जुने पिठाचे डबे, सगळं गिरणीवर आलं.

पिठाचा एक मोठा ढग उठला. सगळे पांढरे झाले. कोण आमचा, कोण चाळीचा, काही कळेना. हात वर उचललेले लोक तसेच उभे राहिले. रक्त मात्र लाल दिसत होतं, नेहमीपेक्षा जास्तच.

मावशी ओरडली नाही. ती ढिगाऱ्यापाशी गेली आणि एक एक वीट उचलून मागे फेकायला लागली. मागे कोण आहे हे न बघता. एक माझ्या खांद्यावर बसली.

नेमका त्या वेळी ऑपरेटर आला, बिल्डरच्या केबिनमधून पळत, गळ्यात ओळखपत्र. "ये क्या कर दिया? मैंने कल लिखा था!"

मी पाठ धरून उठलो. "मग कालचंच पाठवलं ना!"

"कल मतलब कल, भाई! कल! आने वाला!"

"मग उद्या लिही ना! उद्या लिहायला काय हात तुटतात?"

"तेरे को हिंदी नहीं आती?"

"तुला मराठी येते?"

त्यानं माझी कॉलर धरली, मी त्याचं ओळखपत्र धरून पिळलं. त्याचे डोळे बाहेर आले. त्यानं माझ्या फुटलेल्या ओठावर डोकं मारलं. आम्ही दोघं पिठात लोळायला लागलो, तो कल कल म्हणतोय, मी काल काल म्हणतोय, आणि सगळी चाळ उभी राहून बघतेय. मुकादमानं आम्हाला दोघांना एकेका हातानं मानेला धरून उचललं. "दोघं पण एकच बोलताय," तो म्हणाला, "आणि माझं डोकं फुटलं." मग त्यानं दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. नारळासारखी.

"झालं?" मावशी म्हणाली. ती आमच्याकडे बघत पण नव्हती. "झालं असेल तर हे उचला."

उचललं. ज्यांनी घण मारले त्यांनी, ज्यांनी विटा मारल्या त्यांनी, मी, ऑपरेटर. नडगीवाला गडी बसल्या बसल्या विटा पुढे सरकवत होता. मोटर निघाली, ती धड होती. पट्टा फाटलेला. धान्य ओतायचं पत्र्याचं तोंड चपटं झालं होतं, मुकादमानं ते गुडघ्यावर ठेवून ठोकून सरळ केलं. शेवटी दगड दिसले. खालचा ठीक होता. वरच्या दगडावर मावशीनं हात फिरवला, पीठ पुसलं, आणि बोट एका जागी थांबलं. मग ते बोट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश गेलं. आरपार तडा.

"ह्याला टाकी त्याच्या हातची होती," ती म्हणाली. टाकी म्हणजे छिन्नीनं दगडाला पाडलेले खाचे, त्याशिवाय दगड दळत नाही. त्याच्या म्हणजे नवऱ्याच्या. एवढंच बोलली. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि सळई उचलली. मी हललो नाही. पाठीत हलायची ताकदच नव्हती. तिनं सळई बाजूला फेकली आणि पाना माझ्या पायाशी टाकला. "बोल्ट खोल. मिस्त्री उद्या येऊन काय करणार, तूच खोल."

मी खोलले. चार बोल्ट, संध्याकाळचे पाच वाजले. दोन्ही तळहातांची साल निघाली. ती समोर उलट्या डब्यावर बसून होती आणि पाना निसटून माझी बोटं काँक्रीटवर आपटली की म्हणायची, "हां. अजून."

शेठना दुसऱ्या दिवशी सगळं कळलं. सुजलेल्या जबड्यानं त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्यातल्या निम्म्या नीट उमटल्या नाहीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाची नक्कल करावीशी वाटली नाही. मला काढलं नाही, कारण काढलं तर मावशीनं केलेल्या तक्रारीवर "चूक माझी" अशी सही कोणाची घ्यायची. प्रोग्राम मी बंद केला नाही. पण आता तो फाइल उतरवतो, नाव आणि आतली यादी माझ्यासमोर ठेवतो आणि थांबतो. मी बघून, ऑपरेटरला फोन करून, मग पाठवतो. ऑपरेटर आता तारीख घालतो, वार पण घालतो. तरी मी विचारतो, आज म्हणजे कुठला आज? तो शिवी देतो. शिवी आली की मी पाठवतो.

तीन आठवड्यांनी शेठनी नवा दगड मागवला आणि तो टेम्पोत घालून मला भांडुपला पाठवलं. मावशीची जागा एका गल्लीत होती, गिरणी बसवलेली, पण थंड. तीन आठवडे ती पोळ्या लाटायला कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जात होती. हे मला शेजारणीनं सांगितलं, तिनं नाही.

तिनं दगड जमिनीवर आडवा घातला, छिन्नी-हातोडा घेतला आणि मला म्हणाली, "धर." मी दोन्ही हातांनी धरला. तिनं माझ्या अंगठ्यापासून दोन बोटांवर पहिला घाव घातला. ठिकरी उडून माझ्या गालात घुसली.

"मावशी, जरा लांब..."

"हलू नको. हात चुकला तर चुकला. चुकतं माणसाचं."

दुपारभर ती मारत होती. माझ्या गालातून बारीक बारीक रक्त येत होतं, तिच्या मनगटाला सूज आलेली. खाचे वाकडे पडले की ती थुंकायची आणि पुन्हा मारायची. "त्याचे सरळ यायचे," एकदा म्हणाली. संध्याकाळी आम्ही दगड वर चढवला, तिनं पट्टा घातला आणि बटण दाबलं. आधी शेरभर तुकडा तांदूळ टाकला, दगडातली कच निघावी म्हणून. ते पीठ तिनं उकिरड्यावर फेकलं. मग ज्वारी टाकली. पीठ आलं. तिनं चिमूट घेऊन जिभेवर ठेवली, डोळे मिटून दातांखाली धरली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मी तिच्या जबड्याकडे बघत होतो. कच लागली तर पुन्हा सगळं काढायचं होतं.

तिनं गिळलं.

"जाड झालंय," ती म्हणाली आणि दगड जवळ आणायचा दट्ट्या अर्धं पेर आवळला.

दारात एक बाई डबा घेऊन उभी होती. आवाज ऐकून आली असावी. "गहू दळून मिळतील का हो?"

"मिळतील की," मावशी म्हणाली आणि मला कोपरानं बाजूला ढकललं, बरगडीत, जोरात. "सरक."